"वेळ आली होती त्याची"

बरेच दिवस इकडे काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही, उलट एकच गोष्ट डोक्यात घोळत होती आणि ती लिहायची हिंमत होत नव्हती. आज लिहितेय. आधीच सांगते, आज मी भांडायला बसले आहे. वाचणाऱ्यांत अर्धे माझे नातेवाईकच आहेत, त्यामुळे भांडण घरातच राहील. कोणाला लागलं तर फोन करा, चहाला या, पण वाचा.

आमचा बोक्या २०२४ च्या जुलैत गेला. जे नवीन आहेत त्यांच्यासाठी : बोक्या हा कुत्रा होता. २०१६ साली नवऱ्याने पार्किंगमधून उचलून आणला तेव्हा तो एवढासा, गोल तोंडाचा होता, आणि पाच वर्षांच्या आमच्या लेकीने "हा बोका आहे" असं जाहीर करून टाकलं. ते नाव चिकटलं. पुढे त्याचे पाय लांब झाले, कान उभे राहिले, मुलुंडच्या आमच्या गल्लीतल्या तमाम बोक्यांशी त्याचं हाडवैर झालं, पण नाव तेच. जनावरांच्या दवाखान्यात "बोक्या" म्हणून पुकारा झाला की लोक पिंजऱ्यातलं मांजर शोधायचे.

तो गेल्यावर जे लोक भेटले, ज्यांचे फोन आले, त्यांनी मला साधारण तीन वाक्यं ऐकवली. "अगं, कुत्रंच तर होतं." "वेळ आली होती त्याची." आणि "आता लगेच दुसरं आण, बरं वाटेल." तिन्ही वाक्यं मायेपोटी आली होती, हे मला माहीत आहे. तरीही मला ती तिन्ही मान्य नाहीत. आणि त्यातलं मधलं तर मला धोक्याचं वाटतं. ते का, हेच आज सांगायचं आहे.

आधी काय झालं ते थोडक्यात.

८ जुलैला मुंबईत पहाटेच्या सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला पाणी तुंबलं, ते दोन-तीन दिवस हललं नाही. बोक्याला सकाळ-संध्याकाळ बाहेर न्यावंच लागतं. रेनकोट घालून न्यायचो. (हो, त्याला रेनकोट होता. पिवळा. त्याबद्दल पुढे येईलच.) तो त्याच पाण्यातून पोटापर्यंत भिजत जायचा, आणि कुत्रं ते कुत्रं, मध्येच एखाद्या डबक्याला तोंडही लावायचा.

१९ जुलैला, शुक्रवारी रात्री, त्याने पोळी सोडली. कोपऱ्यात जाऊन बसला. आम्ही म्हटलं, काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल. शनिवारी दोनदा उलटी झाली. दहीभात दिला, तो हुंगून परत फिरला. रविवारी उठताना मागचे पाय ताठ झाल्यासारखे वाटत होते, पाणी मात्र घटाघटा पीत होता. पाणी पितोय म्हणजे बरं आहे, असं मी स्वतः म्हणाले. हे वाक्य मी विसरणार नाही. "रविवार आहे, उद्या बघू" हेही मीच म्हणाले. सोमवारी सकाळी लेकीने त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि ओरडली, "आई, याचे डोळे पिवळे झालेत."

दवाखान्यात रक्त घेतलं. क्रिएटिनिन नावाचा एक आकडा असतो, मूत्रपिंड किती काम करतंय ते त्यावरून कळतं. कुत्र्यात तो साधारण दीडच्या आसपास किंवा त्याखाली असायला हवा. बोक्याचा ८.९ आला. काविळीचे आकडे वेगळेच. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "लस कधी दिली होती?"

मी लगेच म्हटलं, "सप्टेंबरमध्ये. सोसायटीत कॅम्प होता."

"ती रेबीजची. मी लेप्टोची विचारतोय."

मी लसींचं पुस्तक पुढे केलं. त्यात रेबीजचं स्टिकर होतं, २८ सप्टेंबर २०२३, जागतिक रेबीज दिनाच्या कॅम्पमधलं. आणि दुसऱ्या लसीचं, ज्यात डिस्टेंपर, पार्वो आणि लेप्टो सगळं एकत्र असतं, त्याचं शेवटचं स्टिकर मार्च २०२२ चं. त्याच्याखालची, मार्च २०२३ ची ओळ कोरी. तिच्याखालची मार्च २०२४ ची, तीही कोरी.

तपासणीत लेप्टोस्पायरोसिसच निघाला. सोमवार ते गुरुवार सलाइन, इंजेक्शनं. बुधवारी लघवी होणं जवळजवळ थांबलं. सलाइन आत जातंय आणि बाहेर काही येत नाही, म्हणजे अंगात पाणी साठतं, श्वास जड होतो. डायलिसिसची चौकशी केली, पण तोवर तो कुठल्याही प्रवासाच्या पलीकडे गेला होता. गुरुवारी २५ जुलैला संध्याकाळी आम्ही डॉक्टरांना "आता पुरे" असं सांगितलं. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. माझ्या मांडीवर गेला. पालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी पाइप गॅसवर चालणारं दहनगृह सुरू केलं आहे, तिथे दुसऱ्या दिवशी नेलं.

एवढीच गोष्ट. शुक्रवार ते गुरुवार. सात दिवस.

आता पहिलं वाक्य घेऊ : "कुत्रंच तर होतं."

यावर कुत्रेवाल्या मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं. कुत्रं कसलं, तो आमचा मुलगाच होता, माणसांपेक्षा कुत्री बरी, वगैरे. मला हे उत्तरही पटत नाही, क्षमा करा. मला मुलगी आहे, आणि बोक्या तिचा भाऊ नव्हता. तो कुत्राच होता. चपला चावणारा, मांजरांवर भुंकणारा, पोस्टमनला आठ वर्षांत एकदाही माफ न केलेला कुत्रा. आणि "कुत्रंच होतं" याचा खरा अर्थ काय होतो ते बघा. पोटात कळ आली तर त्याला सांगता येत नव्हतं. डॉक्टरकडे कधी जायचं हे त्याला ठरवता येत नव्हतं. लसीची तारीख त्याला वाचता येत नव्हती. मुलगी मोठी होईल, एक दिवस स्वतःचं बघेल. हा कधीच स्वतःचं बघणार नव्हता. म्हणजे तो "कुत्रंच" असल्यामुळे आमच्यावरची जबाबदारी कमी नव्हती, उलट जास्त होती. तुम्ही ज्या शब्दाने दुःख हलकं करायला जाता, त्याच शब्दाने ते माझ्यासाठी जड होतं.

महाभारतातली ती गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. स्वर्गाच्या दारात इंद्र रथ घेऊन उभा आहे, म्हणतो कुत्र्याला आत जागा नाही, आणि युधिष्ठिर म्हणतो मग मलाही नको. कीर्तनकार पुढे रंगवून सांगतात की तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता. पण मला नेहमी वाटतं की या शेवटामुळे आपण मधलीच गोष्ट विसरतो. युधिष्ठिराला ते माहीत नव्हतं. तो अडून बसला तेव्हा त्याच्यासमोर देव नव्हता, एक साधं, मागे मागे आलेलं कुत्रं होतं. "मागे आलेल्याला टाकायचं नाही" एवढंच त्याचं म्हणणं होतं. कुत्र्याला देव किंवा मुलगा केल्याशिवाय आपल्याला त्याच्यासाठी अडून बसता येत नाही का?

असो. दुसरं वाक्य. माझा खरा राग याच्यावर आहे. "वेळ आली होती त्याची."

हे वाक्य मला किमान वीस जणांनी ऐकवलं. माझ्या आत्याने तर फोनवर दोनदा. "अगं, जेवढे दाणे लिहिलेत तेवढेच टिपायचे असतात गं, तू मनाला लावून घेऊ नकोस." मी हो हो म्हटलं, फोन ठेवला आणि पुन्हा ते पुस्तक उघडून कोरी ओळ बघत बसले.

आत्या, वेळ आली होती हे खरंच आहे. पण ती कुठून आली ते मला माहीत आहे. ती घुशी-उंदरांच्या लघवीतून आली. लेप्टोचे जंतू उंदरांच्या मूत्रपिंडात सुखाने राहतात, लघवीतून बाहेर पडतात, आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात कितीतरी दिवस, कधी आठवडेही, जिवंत राहतात. तोंड, नाक, डोळे किंवा अंगावरच्या एखाद्या ओरखड्यातून आत शिरतात. आत गेल्यावर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत ताप, उलट्या, अंगदुखी, मग कावीळ, मग मूत्रपिंडं. ८ जुलै ते १९ जुलै, अकरा दिवस. कुठल्याही पंचांगापेक्षा हा हिशेब सरळ आहे.

आणि हा रोग काही कुठून परदेशातून आलेला नवीन राक्षस नाही. माणसातल्या त्याच्या जबर प्रकाराचं वर्णन अडॉल्फ वाइल या जर्मन डॉक्टरने १८८६ मध्येच करून ठेवलंय. मुंबईकराला तर "लेप्टो" हा शब्द शिकवायलाच नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाणी ओसरल्यावर शहरात लेप्टोची साथ आली, लोक दगावले. तेव्हापासून दर पावसाळ्यात पालिका सांगते, साचलेल्या पाण्यातून चालत आलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा, प्रतिबंधक गोळी घ्या. नवरा ८ जुलैला गुडघाभर पाण्यातून घरी आला. आम्ही त्याला दुसऱ्या दिवशी बळेबळे डॉक्टरकडे पाठवलं, त्याने गोळी घेतली. त्याच पाण्यातून त्याच दिवशी चार पायांवर चालणारा, पोट बुडेपर्यंत भिजणारा आणि ते पाणी चाटणारा एक जीव घरात आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. एकाच्याही.

माणसासाठी आपल्याकडे या रोगाची लस सर्रास मिळत नाही. कुत्र्यासाठी मिळते! सुरुवातीला तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी एक. दरवर्षी, कारण हिचं संरक्षण साधारण वर्षभरच धरलं जातं. जगभरच्या पशुवैद्यांची लहान प्राण्यांसाठीची जी संघटना आहे, तिने २०२४ च्या लसीकरणाच्या सूचनांत, जिथे हा रोग कायम आढळतो तिथे ही लस आवश्यक लसींत धरावी असं म्हटलं आहे. आपल्या कोकणपट्टीत पावसाळा म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला हवं का?

आता आम्ही काय केलं ते ऐका. मार्च २०२३ मध्ये लस द्यायची होती. त्याच आठवड्यात सासूबाईंचं (आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो) मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. म्हटलं पुढच्या महिन्यात देऊ. पुढचा महिना गेला. सप्टेंबरात सोसायटीत रेबीजचा फुकट कॅम्प झाला, टोचून घेतलं, स्टिकर लागलं, आणि "बोक्याचं इंजेक्शन झालं" असं घरात सगळ्यांनी मनात लिहून टाकलं. इंजेक्शन झालं. कुठलं, ते कोणी विचारलं नाही. रेबीजची लस रेबीजपासून वाचवते, बस. ती द्यायलाच हवी. पण ती दिली म्हणजे बाकीचं सगळं मिटलं असं नव्हे.

याच दोन वर्षांत बोक्याचे दोन वाढदिवस झाले. दोन्हींना कुत्र्यांचा म्हणून वेगळा मिळणारा केक आणला होता. फोटो अजून फोनमध्ये आहेत, टोपी घालून. पिवळा रेनकोट घेतला. थंडीसाठी स्वेटर घेतला, मुलुंडच्या थंडीसाठी! लाडात आम्ही कुठेही कमी पडलो नाही. काळजीत पडलो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि ते कळायला जी किंमत पडली ती दुसऱ्याने भरली.

म्हणून "वेळ आली होती" हे मला चालत नाही. हे वाक्य फार सोयीचं आहे. ते माझ्या हातातून ती कोरी ओळ काढून घेतं आणि देवाच्या वहीत लिहून टाकतं. मला रात्री झोप लागेल, तुम्हालाही बोलायला काही उरणार नाही. पण मग पुढच्या घरात, पुढच्या पावसाळ्यात, पुन्हा कोणाची तरी वेळ येईल, आणि पुन्हा आपण हेच म्हणू.

यावर मला दोन गोष्टी ऐकवल्या गेल्या, त्यांना उत्तर द्यायलाच हवं.

एक, "लस दिलेल्या कुत्र्यांनाही होतोच की." बरोबर आहे. लेप्टोचे पुष्कळ प्रकार आहेत, लसीत त्यातले काहीच असतात. लस दिली असती तर बोक्या नक्की वाचला असता, असं छातीठोकपणे मला म्हणता येत नाही. पण हेल्मेट घालूनही माणसं मरतात, म्हणून आपण हेल्मेटला नशीब म्हणत नाही. आणि लसीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ते तीन दिवस उरतातच. शुक्रवार, शनिवार, रविवार. लेप्टोवर औषध आहे, साधी जुनी प्रतिजैविकं, आणि लवकर सुरू केली तर बरीच कुत्री वाचतात. पावसाळ्यात, साचलेल्या पाण्यात फिरलेलं कुत्रं जेवण सोडतं, ओकतं, खूप पाणी पितं, तेव्हा "उद्या बघू" म्हणायचं नसतं. एवढं साधं कोणीतरी मला आधी सांगितलं असतं तर? म्हणून मी आता सांगतेय.

दोन, "अगं, असं स्वतःला टोचत राहून काय होणार?" हे माझ्या मामाचं म्हणणं. मामा, मी स्वतःला टोचत नाहीये. म्हणजे, सुरुवातीचे दोन महिने टोचत होते, खोटं कशाला बोलू. रात्री दोनला उठून लेप्टोवर वाचत बसायचे. पण अपराधी वाटणं वेगळं आणि हिशेब मांडणं वेगळं. अपराधी वाटण्यात सगळं माझ्याभोवती फिरतं : मी कशी वाईट, मी काय केलं. हिशेबात तारखा असतात. मार्च २०२३. १९ जुलै. २२ जुलै. तारखा दुसऱ्याच्या कामी येतात. माझ्या रडण्याचा कोणाला काय उपयोग?

आता एक नाजूक विषय. आम्ही त्याला झोपवलं, यावरून घरात बरंच झालं. एका जवळच्या व्यक्तीने (नाव लिहीत नाही, त्यांना कळेल) म्हटलं, "जीव घेणारे आपण कोण? शेवटपर्यंत देवावर सोडायला हवं होतं. हे पाप आहे."

मला वाद घालायचा नव्हता, पण आता घालते. दोन वर्षं लस न देऊन, तीन दिवस "उद्या बघू" म्हणून, आम्ही त्याला देवावरच तर सोडलं होतं! तेव्हा कोणी पाप म्हटलं नाही. जे न केल्याने झालं त्याला नशीब म्हणायचं, आणि जे केल्याने त्याच्या यातना थांबल्या त्याला पाप, हा कुठला न्याय? गुरुवारी दुपारी तो श्वासासाठी मान लांब करत होता. तोंडात जखमा झाल्या होत्या. लेकीचा आवाज आला की शेपटी हलवायचा प्रयत्न करायचा, ती हलायची नाही. तेव्हा देवाची वाट बघणं सोपं होतं, कारण वाट तो बघणार होता, आम्ही फक्त शेजारी बसणार होतो.

उलट मला बोच आहे ती दुसरीच. डॉक्टरांनी बुधवारी संध्याकाळीच विचारलं होतं. आम्ही म्हटलं, आजची रात्र बघू. ती रात्र बोक्यासाठी नव्हती, आमच्यासाठी होती. आम्हाला अजून सोडवत नव्हतं म्हणून त्याने आणखी वीस-बावीस तास काढले. पापच मोजायचं असेल तर ते तिथे मोजा.

आणि एक गोष्ट. हा रोग जनावरातून माणसालाही होतो, म्हणून डॉक्टरांनी आम्हाला सगळ्यांनाच सावध केलं. फरशी ब्लीचिंगच्या पाण्याने पुसा, त्याची लघवी हातमोजे घालून साफ करा, कोणाला ताप आला तर लगेच दाखवा. ही बातमी इमारतीत पसरली आणि पुढच्या सभेत विषय निघाला तो "सोसायटीत कुत्री पाळण्यावर बंधनं." मी उठून विचारलं, मागच्या भिंतीला लागून जो कचरा सडतो, ज्यावर घुशी दिवसाढवळ्या फिरतात, त्याचं काय? तर म्हणे तो विषय आजच्या पत्रिकेत नाही.

बोक्याने हा रोग इमारतीत आणला नाही. इमारतीने तो बोक्याला दिला. आपणच टाकलेल्या उष्ट्यावर उंदीर वाढतात, त्यांची घाण पाण्यात मिसळते, आणि त्या पाण्यात सगळ्यात आधी जो उघड्या पायाने उतरतो तो मरतो. कुत्रं उतरतं, सफाई कामगार उतरतो, वॉचमन उतरतो. खरं तर तो गेला तेव्हा सगळ्या इमारतीने घाबरून मागचा कचरा उचलायला हवा होता. आम्ही पुढचे दोन महिने पत्रं लिहिली, नवरा दोन रविवार स्वतः फावडं घेऊन उतरला, तेव्हा कुठे भिंतीची भोकं बुजवली गेली आणि झाकणाचे डबे आले. "कुत्रंच तर होतं" म्हणणाऱ्यांच्या घरांतली मुलंही याच अंगणात पावसात फुटबॉल खेळतात, हे मला सभेत ओरडून सांगावं लागलं. आवाज चढला होता, हे मान्य. त्याबद्दल माफी मागणार नाही.

राहिलं तिसरं वाक्य. "दुसरं आण."

यात कोणाचं काही चुकत नाही. काही लोकांना लगेच आणल्याने बरं वाटत असेल. "आता पुन्हा नको, जीव लावला की त्रास" म्हणणारेही आहेत, आमचा नवरा त्यातला. मला दोन्हींत एकच गोष्ट खटकते, की दोन्हींत विचार आपल्याच त्रासाचा आहे. कमी कसा होईल, किंवा पुन्हा कसा होणार नाही. प्रश्न मी वेगळा विचारते : आता जे येईल त्याचं पुस्तक आम्ही भरू का? भरणार असू तर आणू. नाहीतर प्रेम आहे म्हणून आणण्यात अर्थ नाही. प्रेम बोक्यावरही होतं.

आई रोज रात्री जेवताना एक पोळी तूप लावून बाजूला ठेवायच्या. कुत्रं घरात आलं तेव्हा "स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही" असं बजावणाऱ्या याच. वर्षभरात उंबरा गेला, मग सोवळं गेलं, मग नामदेवांची गोष्ट आली : कुत्र्याने पोळी पळवली तर तूप घेऊन त्याच्यामागे धावलेले नामदेव. ती सांगत सांगत भरवायच्या. बोक्या गेल्यावर पहिले काही दिवस सवयीने पोळी बाजूला निघायची. मग एकदा मला म्हणाल्या, "माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळे राहिलं ना गं त्याचं इंजेक्शन?"

मी काय उत्तर देणार होते? "नाही हो आई, वेळ आली होती त्याची," हेच ओठावर आलं. अगदी हेच वाक्य. किती सोपं असतं बघा ते. मी गिळलं आणि म्हटलं, "आई, तुमच्या ऑपरेशनमुळे एक महिना राहिलं. पुढचं सव्वा वर्ष माझ्यामुळे राहिलं." त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. एवढ्या सगळ्या सांत्वनांत मला खरं सांत्वन तेवढंच वाटलं, कारण त्यात काही पुसून टाकलेलं नव्हतं.

तर मंडळी, सांत्वनाचे फोन आता नकोत, मी बरी आहे. त्याऐवजी एक काम करा. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी हे वाचून झालं की कपाटातलं ते लसींचं पुस्तक काढा. रेबीजचं स्टिकर बघून बंद करू नका. दुसऱ्या लसीची ओळ बघा, तारीख बघा, तिच्यात लेप्टो आहे का ते डॉक्टरांना विचारा. वर्ष उलटून गेलं असेल तर एकाच डोसने भागेल की दोन लागतील, तेही विचारा. आत्या, तुझ्या शेजारच्यांचा तो लॅब्रेडॉर आहे ना, त्यांनाही सांग. दाण्याची गोष्ट नंतर सांग, आधी हे सांग.

बोक्याचं पुस्तक मी टाकलेलं नाही. फ्रिजवर, वीजबिलाच्या शेजारी चुंबकाने लावून ठेवलंय, त्याच पानावर उघडं. लेक म्हणते काढून टाक, वाईट वाटतं. मी म्हटलं, राहू दे थोडे दिवस. वाटू दे.